सहा वर्षांचा गाळ आणि दीडशे रुपयांचा स्क्रेपर

पुराच्या गाळानं माखलेला जुना फिशटँक यंदा साफ केला. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी त्यात काय कामाला आलं नि काय नाही, हा निकाल आधीच देऊन टाकतो. रंगाच्या दुकानात मिळणारा, ब्लेड बसवायचा साधा स्क्रेपर: डोळे झाकून घ्या. पांढरं व्हिनेगर: चालेल, पण लिंबूसत्त्व स्वस्त पडतं. मॅग्नेटवाला क्लीनर: रिकाम्या फिशटँकला शून्य उपयोग. घरी येऊन टँक साफ करून देणारा माणूस: माझ्याकडे आला तसला असेल तर नको रे बाबा. ज्यांना वेळ आहे त्यांनी आता बसा, कारण हे जरा लांबणार आहे.

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. काचेवरचे चरे बघण्यात निम्मी हयात गेली. महिन्यातून चार गिऱ्हाईकं तरी येतात आणि काउंटरवर चष्मा टाकून म्हणतात, "काय ओ, तुमच्या काचेला चरे पडले की सहा महिन्यांत!" मी विचारतो, पुसता कशानं? उत्तर ठरलेलं. शर्टाचं टोक, पदर, नाहीतर गाडीवरचं फडकं. आता कापडानं काही चरा पडत नसतो. चरा पाडतो तो कापडाखाली अडकलेला धुळीचा कण. नळाखाली धरा, मग पुसा, एवढंच मी ३१ वर्षं सांगतोय आणि कुणी ऐकत नाही. फिशटँकच्या बाबतीतही सगळं पुराण या एका कणाभोवतीच फिरतं.

टँक आमचा २०१३ सालचा. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच, ६ मिलिमीटरची काच. मुलगा तेव्हा कॉलेजला होता, त्याचा हट्ट. मग तो नोकरीला पुण्याला गेला आणि गोल्डफिश राहिले आमच्या गळ्यात. घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची आणि पाणी गेलं ५७च्या वर. आम्ही विश्रामबागला मेहुण्याकडे. परत आलो तेव्हा हॉलमध्ये घोटाभर चिखल, सोफा उलटा, आणि टँक मात्र स्टँडवर जसाच्या तसा, काठोकाठ चहाच्या रंगाच्या पाण्यानं भरलेला. आधीपासून पाण्यानं भरलेला असल्यामुळे तरंगला नाही, म्हणून वाचला. मासे अर्थातच नव्हते. कृष्णामाईत गेले असतील असं आमची ही म्हणाली, तेवढंच समाधान.

चिखल काढायला आलेल्या पोरांनी टँक उपडा केला आणि गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवला. धुतला नाही. तेव्हा धुवायला पाणी तरी कुठं होतं. २०२१ला पुन्हा पूर आला, तेव्हा तो वर होता म्हणून त्यातून सुटला. त्यानंतर त्यात जुन्या चपला, पतंगाची फिरकी, तुटका टेबलफॅन असं काय काय साठत गेलं.

यंदा दिवाळीच्या आधी पुण्याहून फोन. नातीला मासे पाहिजेत, आणि आबांकडं टँक आहे हे तिच्या बापानं तिला सांगून ठेवलेलं. झालं. गच्चीवर गेलो, चपला काढल्या आणि टँक उजेडात धरला तर आरपार काही दिसेना. खालच्या निम्म्या भागावर वाळून कडक झालेला पुराचा गाळ. वरच्या काठाजवळ दोन बोटं रुंद पांढरा पट्टा, तो पुराच्या आधीचा. आम्ही टँकमध्ये बोअरचं पाणी घालायचो. त्या पाण्यानं वर्षाला गिझरची एक कॉइल जाते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. आपण वरून परत पाणी घालतो, परत तेच. पाच-सहा वर्षांत काठाला चुन्याचा थर बसतो. आणि या दोन्हींच्या मधे वाळलेलं हिरवं शेवाळ, ठिपक्याठिपक्यांचं.

पहिली चूक माझी. गुडघे दुखतात म्हणून माणूस बोलावला. कोण, कुठला ते सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. फोनवर ८०० रुपये म्हणाला, "काका, नवा करून देतो बघा." आला तो एका हातात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आणि दुसऱ्या हातात हिरवी घासणी घेऊन. पाणी कुठंय विचारतोय म्हणून मी बादली आणायला खाली उतरलो. वर येईपर्यंत यानं डाव्या बाजूची काच कोरडीच घासायला घेतलेली. कर्र कर्र आवाज जिन्यात ऐकू येत होता. मला तो आवाज झोपेतही ओळखू येईल.

थांबवलं. तोवर दोन मिनिटं घासून झालेलं होतं. तिरप्या उजेडात बघितलं तर गोल गोल चरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मी त्याला २०० रुपये देऊन वाटेला लावला. त्याचं म्हणणं, "पाणी भरल्यावर दिसत नाही ओ." बारीक चऱ्यांच्या बाबतीत ते निम्मं खरंही आहे, आतल्या बाजूनं पाणी लागलं की बारीक चरे पुसट होतात. पण चेहऱ्यावर देवीचे व्रण आले तर अंधारात बसा म्हणण्यातला हा प्रकार.

आता का पडले ते चरे? साधी काच कडकपणाच्या एक ते दहाच्या मापावर साडेपाचच्या आसपास असते. वाळूत असतो तो गारगोटीचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, तो सात. नदीच्या वाळलेल्या गाळात बारीक वाळू असतेच. म्हणजे कोरडं घासणं हे काचेवर पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच. वर त्या हिरव्या घासण्यांत भांडी खरवडायला कुरुंदासारखी कडक पूड बसवलेली असते, ती काचेहून कितीतरी कडक. उलट तो पांढरा क्षार, ज्याची सगळ्यांना भीती वाटते, तो मापावर जेमतेम तीन. काचेपुढे मऊ. म्हणजे क्षार काढणं अवघड नाही. आधी गाळ जाऊ द्यायचा, मगच काचेला हात लावायचा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काहीही घासलं नाही. सकाळी सातला टँक गच्चीवर मोकळ्यात आणला. सकाळी एवढ्याचसाठी, की ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. ही काही गाडीच्या खिडकीची टफन्ड काच नसते. त्याच कारणानं उकळतं पाणीही नको. उचलताना दोघं लागतात. रिकामा टँकच २०-२१ किलोचा भरतो, मी काचेच्या मापावरून हिशोब केला. वरच्या पट्टीला धरून उचलायचा नाही, तळाखाली हात घालायचे. आणि बुडात पाणी असताना तर हलवायचाच नाही. भाचा म्हणाला, "मामा, बादलीभर पाणी आहे आत, तसाच सरकवू." बादलीभर म्हणजे १५ किलो एका कोपऱ्याकडे पळणारं वजन. जोड सुटतात ते असेच.

खाली जुनी गोधडी घातली. पाइपची धार सौम्य ठेवून पाणी सोडत राहिलो आणि गाळ भिजू दिला. तासाभरानं तो लोण्यासारखा झाला. मग हात न लावता नुसत्या धारेनं खाली ओढला, टमरेलानं उपसला. चार वेळा असं. पाचव्यांदा पाणी स्वच्छ आलं तेव्हा पांढऱ्या मऊ स्पंजानं, वरून खाली, एकाच दिशेनं. स्पंज दर खेपेला बादलीत पिळायचा. गोल फिरवायचा नाही, कारण एखादा कण राहिलाच असेल तर तो सरळ एक रेघ मारून जाईल, गोल फिरवलं तर शंभर मारेल. यातच दुपार झाली. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या कडेला गाळ चिकटून बसतो, तिथं जुना टूथब्रश. नुसता ब्रश हं, पेस्ट नाही. पेस्टनं काचेचे चरे जातात असं मला निदान पन्नास जणांनी सांगितलं असेल. पेस्टमधली खडू काचेहून मऊ असते. चरा जात नाही, पेस्ट चऱ्यात भरून बसते आणि दोन दिवस तो दिसत नाही, इतकंच.

मग पांढरा पट्टा. इथं व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व दोन्ही वापरलं, म्हणून दोन्हींचं सांगतो.

व्हिनेगर वाण्याकडचं, चायनीजच्या गाडीवर असतं तेच पांढरं, बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं. दोन बाटल्या, ९० रुपये. लोकांची चूक अशी होते की ते उभ्या काचेवर व्हिनेगर शिंपडतात, ते ओघळून खाली जातं आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. क्षाराला आंबट पदार्थ बराच वेळ टेकून राहायला पाहिजे. टँक गोधडीवर आडवा केला, म्हणजे मागची काच तळाशी आली. जुन्या सुती पंचाच्या पट्ट्या फाडल्या, व्हिनेगरमध्ये भिजवल्या आणि पट्ट्यावर अंथरल्या. वरून दुधाच्या पिशव्या कापून पसरल्या, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात पट्टी पंधरा मिनिटांत वाळते. एक तास. मधेच पट्टीचं टोक उचलून बघितलं तर बारीक बुडबुडे. क्षार विरघळतोय, कार्बन डायऑक्साइड सुटतोय. नात असती तर तिला दाखवलं असतं.

पहिल्या तासात अर्धा गेला. दुसऱ्या काचेला मी लिंबूसत्त्व घेतलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वाण्याकडं खड्यांचं मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. २० रुपयांत सगळं भागलं. परिणाम व्हिनेगरइतकाच, मला तर कांकणभर जास्त वाटला, आणि घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास नाही. आमच्या हिनं त्याच पाण्यात नंतर किटली टाकली, तीही चकचकीत झाली. दोन्हीतलं एक निवडायचं तर लिंबूसत्त्व. व्हिनेगर कमी नाही, पण चौपटीहून जास्त पैसे कशाला?

संडासाच्या ॲसिडबद्दल एकदाच सांगतो. ते हायड्रोक्लोरिक. काच त्यानं विरघळत नाही हे खरं, पण वाफ छातीत जाते, स्टँडचं लोखंड खातं, आणि त्यात घातलेले रंग नि वास सिलिकॉनमध्ये मुरले तर पुढं माशांच्या पाण्यात उतरतात. त्याच कारणानं भांड्याचा साबणसुद्धा टँकमध्ये नको. आणि ॲसिड कुठलंही असो, व्हिनेगर असलं तरी, त्याच्या जोडीला ब्लीच नाही म्हणजे नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पुराच्या घाणीमुळे मला ब्लीच वापरायचं होतंच, पण ते शेवटी, सगळं आंबट तीनदा धुवून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.

आता स्क्रेपर. ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

रंगाच्या दुकानात मिळाला, १५० रुपये, सोबत पाच ब्लेडं. लाल प्लॅस्टिकची मूठ, पुढं स्क्रूनं आवळायचं चार सेंटिमीटरचं एकधारी ब्लेड, त्यावर टोपण. दुकानदाराला वाटलं भिंत खरवडायचीय, तर त्यानं मला पत्र्याची पट्टीच दाखवली आधी. ती नको. भिंतीची पट्टी जाड असते, तिला धार नसते, ती ओरखडते. याला धार पाहिजे. लोकांना उलटं वाटतं. ब्लेड बघितलं की हात आखडतो, आणि घासणी मऊ वाटते म्हणून बिनधास्त चालवतात. खरं तर नवं, स्वच्छ ब्लेड ओल्या काचेवर तिरपं धरलं तर ते काचेत रुतत नाही, काचेवर जे बसलंय त्याच्या बुडाखाली शिरतं. आम्ही दुकानात फ्रेमच्या काचेवरचं जुनं लेबल असंच काढतो.

तिरपं म्हणजे किती? पोळी उलथण्याएवढं. उलथनं तव्याला जसं टेकवतो तसं, जवळजवळ आडवं. उभं धरलं की ते नाचतं आणि मग काही खरं नाही. काच सतत ओली, मी डाव्या हातात पाण्याची फवारणीची बाटली धरली होती, सलूनवाल्याकडं असते तसली. पुढं ढकलायचं, उचलायचं, परत मागे नेऊन टेकवायचं आणि पुन्हा पुढं. टेकवलेलं असताना मागे ओढायचं नाही, कारण सुटलेला कण धारेच्या मागे जमा होतो आणि ओढताना तोच काचेवर फिरतो. दर दोन-तीन फटक्यांनंतर ब्लेड ओल्या फडक्याला पुसायचं. अंगठ्यानं नाही. मी एकदा पुसलं, आता दुकानात पट्टी लावून बसतोय.

शेवाळाचे ते हिरवे ठिपके, जे स्पंजानं तासभर घासूनही हलले नव्हते, ते पहिल्या फटक्यात साफ निघाले. वाळून चिकटलेल्या पापडीसारखे सुटत गेले. विरघळून मऊ झालेला क्षारही तसाच. समोरची अख्खी काच वीस मिनिटांत. मी दुकानातला छोटा टॉर्च आणून तिरपा मारून बघितला, एक नवा चरा नाही.

दोष आहेत, तेही सांगतो. एक, ब्लेडची दोन्ही टोकं अणकुचीदार असतात. जरा हात कलला की टोक काचेत रुततं. मी ती कुरुंदाच्या दगडावर दोन-दोनदा घासून किंचित गोल केली. (कुरुंदवाडचा नव्हे हो, धार लावायचा.) दोन, मुठीतला स्क्रू दहा मिनिटांनी सैल होतो, ब्लेड डुलायला लागतं. दर थोड्या वेळानं आवळायला लागतो. याच्यासाठी अर्धा तारा कापतो. तीन, ब्लेड साधं पोलादी आहे, ओलं ठेवलं तर सकाळपर्यंत तांबतं. तांबलेलं किंवा दात पडलेलं ब्लेड परत काचेला लावायचं नाही, सरळ टाकायचं, तेही कागदात गुंडाळून, कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मला तीन ब्लेडं लागली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिलिकॉनच्या जोडापासून बोटभर लांब. तिथं ब्लेड गेलं तर काचेला काही होणार नाही, टँक गळेल.

मॅग्नेटवाला क्लीनर मी ऑनलाइन मागवला होता, ४२० रुपये. आत एक तुकडा, बाहेर एक, बाहेरचा फिरवला की आतला काच पुसत जातो. चालू टँकमध्ये रोजचं शेवाळ पुसायला तो ठीक असेल. रिकाम्या टँकवर तो कोरडा सरकतच नाही, ओला केला तर क्षारावरून नुसता फिरून येतो. चालू टँकमध्येही तळापासून दोन बोटं वर थांबवावा, कारण खडी-वाळूचा एक कण त्या दोन चुंबकांमध्ये सापडला की तो लोहचुंबकाच्या जोरानं काचेवर दाबून फिरणार. परत तोच आमचा कण. दोन तारे, तेही नातीला तो फ्रीजवर चिकटवून खेळायला आवडला म्हणून.

डावी काच राहिली, त्या भल्या माणसानं चितारलेली. नखानं चाचपलं. नख अडकत नव्हतं म्हणजे चरे वरवरचे. नख अडकलं असतं तर मी नाद सोडला असता. आमच्या धंद्यात काचेची भिंगं पॉलिश करायला सेरियम ऑक्साइड वापरतात, फिकट गुलाबी पूड. माझ्याकडं जुन्या काळची अर्धी पुडी शिल्लक होती, हल्ली सगळ्या काचा प्लॅस्टिकच्या आल्यात, कोण विचारतो. पाण्यात कालवून, नमद्याच्या तुकड्यानं, काच ओली ठेवून दीड तास घासलं. जाळं बरंच पुसट झालं, दोन-तीन जरा ठळक रेघा आहेत तशा राहिल्या. खांदा मात्र तीन दिवस दुखला. तुम्ही हे करायला जाऊ नका असंच म्हणेन. आणि केलंच तर एका जागी रेटून घासू नका, तिथली काच खोल जाते आणि पलीकडचं वाकडं दिसायला लागतं. फिशटँकला नंबर लागतो म्हणा ना. त्यापेक्षा टँक कोपऱ्यात ठेवून ती बाजू भिंतीकडं करा. शेवटी मीही तेच केलं.

एक सांगायचं राहिलं. मुलाचा एक छोटा, गोल कडांचा टँकही माळ्यावर सापडला. तो काचेचा नाही, ॲक्रिलिकचा. टिचकी मारून बघा, काचेचा आवाज खणखणीत, याचा बद्द. याला स्क्रेपर लावायचा नाही, स्पिरिट नाही, अमोनियावालं काच पुसायचं औषध नाही. स्पिरिट-अमोनियानं त्याला केसासारख्या चिरा जातात. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवा आणि मऊ कापडानं पुसा, संपलं. प्लॅस्टिकच्या चष्म्याला जे नियम तेच.

साफ झाला म्हणजे वापरायला झाला असं नाही. सहा वर्षं कोरडा, गच्चीवरच्या पत्र्याखाली भाजत पडलेला. तळमजल्यावर सपाट फरशीवर थर्माकोलचा शीट टाकून त्यावर ठेवला, भोवती वर्तमानपत्र पसरलं आणि भरला. वर्तमानपत्र यासाठी, की थेंब जरी पडला तरी डाग दिसतो. भरल्यावर साधारण सव्वाशे लिटर, म्हणजे टँकसकट दीडशे किलोच्या जवळ. फरशी किंवा स्टँड जरा जरी खालीवर असेल तर तो ताण काचेवर येतो, थर्माकोल तेवढं सांभाळून घेतो.

सकाळी मागच्या उजव्या कोपऱ्याखाली बातम्या ओल्या. सिलिकॉन तिथं सुटलं होतं.

जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, म्हणून नुसतं वरून थापून चालत नाही. आतल्या कडेचं जुनं सिलिकॉन सगळीकडून काढायला लागलं, इथं स्क्रेपर परत कामाला आला. फक्त दोन काचांच्या मधला थर, जो टँक धरून ठेवतो, त्याला हात लावायचा नाही. नवं सिलिकॉन माशांच्या दुकानातूनच घेतलं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते माशांना नको. लावताना घरभर परत व्हिनेगरचा वास. या जातीचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याचा. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "आता परत कशाला धुताय तो?" दोन दिवस सुकू दिलं, वास पूर्ण गेला, पुन्हा भरला, पुन्हा चोवीस तास. यावेळी वर्तमानपत्र कोरडं.

मग ब्लीच, एक भाग ब्लीच नि वीस भाग पाणी, दहा मिनिटं, आणि चार वेळा स्वच्छ धुणं. वर एक दिवस सावलीत, खिडकीपाशी कोरडा पडू दिला. शेवटच्या पाण्यात हायपोचे चार खडे, उरलंसुरलं क्लोरीन मारायला. माशांच्या दुकानात ते अँटीक्लोरीन म्हणून मिळतं. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला जे हायपो लागायचं तेच हे. हरभट रोडवर आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडून मी नववीत असताना प्रयोगासाठी आणलं होतं ते आठवलं.

खर्च सांगतो. स्क्रेपर १५०, व्हिनेगर ९०, लिंबूसत्त्व २०, सिलिकॉनची नळी २८०, मॅग्नेटचे ४२० फुकट गेले, आणि काच खराब करून घ्यायचे २००.

टँक कोपऱ्यात ठेवला, डावी बाजू भिंतीकडं. नात वसुबारसेला आली. मासे अजून नव्हते, पाणी आणि फिल्टर दोन-तीन आठवडे तसंच चालू ठेवून मगच घालायचे असं ठरलेलं. ती अर्धा तास समोर मांडी घालून नुसतं पाणी बघत बसली. मग म्हणाली, "आबा, काच आहे का मध्ये?" आणि पाचही बोटं, भाकरवडीच्या तेलासकट, काचेवर टेकवली.

स्पंज आणला. आधी ओला केला.